टिकली लावलेलं बटण

फोन आला तेव्हा मी भांडत होतो. तुळजापुरातल्या एका लग्नात आमची एलईडी स्क्रीन उभी करायची होती आणि नवरीचा चुलता म्हणत होता, जनरेटर तुमचा तर डिझेलही तुमचंच. मी म्हणत होतो, बैल माझा म्हणून तुमच्या शेतात राबताना पेंडही मीच घालायची का? अशा वेळी मी फोन घेत नाही. सौदा चालू असताना फोन घेतला की समोरच्याला दम खायला सवड मिळते. जळकोटहून दाजींचा फोन होता, माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या मालकांचा. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. नंतर घेतला तो ओरडण्यासाठीच. "दाजी, धंद्याच्या टायमाला कशाला..." पलीकडं दाजींच्या हातातून फोन दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि सांगितलं, प्रणिताला सोलापूरच्या दवाखान्यातून घेऊन निघालोय, तुम्ही परस्पर जळकोटला या. मी विचारलं, "बरी झाली का?" मग पलीकडच्या माणसानं काय ते सांगितलं. नवरीचा चुलता समोरच उभा होता. माझ्या तोंडाकडं बघून तो म्हणाला, "राहू द्या, डिझेल मी टाकतो." सौदा माझ्या बाजूनं मिटला. आयुष्यात एवढी लाजिरवाणी जीत मी कधी घेतली नव्हती.

प्रणिता माझी भाची, आक्काची एकुलती एक लेक. पुण्यात कॉलेजात व्हिडिओची कला शिकत होती. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. तिच्या मॅडम आणि मैत्रिणी तिच्या कामाबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला त्यातलं फार कळत नाही. मला पडदा उभा करता येतो, त्यावर काय दाखवायचं ते गिऱ्हाईक ठरवतं. तरी मी लिहितोय, कारण तिच्या कामाला पहिला मोठा पडदा मिळाला तो माझा. आणि तो तिच्या हातातून काढून घेतला तोही मीच.

मी नववी नापास माणूस. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालण्यापासून सुरुवात केली. मग टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं गावोगाव फिरवला, मग लाउडस्पीकर, मग प्रोजेक्टर, आता एलईडी. कुणी हात धरून वर नेलं नाही, जे आहे ते ओढाताण करून मिळवलेलं आहे. व्हीसीआरच्या दिवसांत एका गावात ऐन मारामारीच्या सीनला कॅसेटची रीळ गुंतली आणि टीव्ही काळा पडला. लोकांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग दगड. डाव्या भुवईवरची खूण अजून आहे. तेव्हापासून माझ्या धंद्याचा एकच कायदा: पडदा काळा पडू द्यायचा नाही. देवीचा फोटो दाखवा, गुलाबाची फुलं दाखवा, माझं थोबाड दाखवा, पण काळं नको. पडद्यावर कुठलं चित्र जाईल हे ज्या बटणांच्या यंत्रावर ठरतं, त्याला आम्ही नुसतं 'पेटी' म्हणतो. त्या पेटीच्या दुसऱ्या बटणावर मी कायम काहीतरी तयार ठेवतो. पहिलं बंद पडलं की दुसरं दाबायचं. गिऱ्हाइकाच्या पापणीला कळता कामा नये.

प्रणिता फ्रॉकमध्ये होती तेव्हा आमच्या जुन्या प्रोजेक्टरपुढं बोटं धरून कावळा करायची. उजेडाच्या वाटेत येते म्हणून मी एकदा पाठीत रट्टा दिला होता. रडायचं सोडून ती म्हणाली, "पण मामा, कावळा तुमच्या पिक्चरपेक्षा मोठा आलाय." पुढं पुण्याला गेली आणि एका दिवाळीच्या सुट्टीत तिनं फुटक्या काचेच्या मोबाईलवर मला काहीतरी दाखवलं. हौदाचा नळ आणि त्यातून पडणारं थेंब थेंब पाणी. मी बराच वेळ बघितलं.

"अन् हिरो कधी येणार?"

"नळच हिरो हाय मामा."

"मग त्याला म्हणावं, जरा नाच की."

पुढच्या सुट्टीत तिनं तोच नळ पुन्हा आणला. या वेळी थेंब खालून वर उडत होते आणि हलगीच्या तालावर एकेक करून नळात शिरत होते. "घ्या, नाचवला," म्हणाली. मी हसलो नाही, कारण हसलो असतो तर भाव गेला असता. एकदा माझा मोडका प्रोजेक्टर मागून नेला आणि दिवेलागणीला दाजींच्या पांढऱ्या खिलार बैलाच्या कुशीवर बोरी नदीच्या पाण्याचा पिक्चर सोडला. बैल कातडी थरथरवायचा, तशी पाण्यावर लाट उठायची. दाजी म्हणाले, "बैल भिजला का बघ गं जरा." सगळे हसले. मी म्हणालो, "ह्याचं भाडं कोण देणार हाय?" घरी येताना मोटारसायकलवर मात्र ती लाट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. चांगल्या मालाला समोर चांगलं म्हणायचं नाही, ही धंद्यातली सवय मी घरात घेऊन गेलो होतो.

मागच्या नवरात्रात ती तुळजापूरला माझ्या गोडाऊनवर आली. एका संध्याकाळी जळकोटच्या शाळेच्या पटांगणात स्क्रीन पाहिजे म्हणाली. 'तवा' नावाचा पिक्चर केला होता. आक्का चुलीपुढं बसून भाकरी करतेय, एवढाच.

"भाकरीचा पिक्चर? गावातल्या बायकांना भाकरी दाखवणार? रोज बघतेत की त्या."

"रोज करतेत मामा. बघत न्हाईत."

मी फुकट काही देत नाही. ठरलं असं, की बदल्यात तिनं माझ्या धंद्याची जाहिरात करून द्यायची. तिनं केलीही, आणि झकास केली: शेवटी मी हात जोडून उभा, मागं डीजेचं दणदणीत संगीत. मी ती जाहिरात पेटीच्या दुसऱ्या बटणावर चढवली. ते बघून तिनं कपाळावरची लाल टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली. "ह्याला हात लावायचा न्हाय. मधी काहीबी झालं तरी."

"काय व्हणार हाय मधी?"

"काही न्हाय. पण शब्द द्या."

शेजारी आमचा ऑपरेटर इस्माईल केबल गुंडाळत होता. तो म्हणाला, "भाऊ, पोरगी तुमच्याच वळणावर गेली. शब्द आधी घेती, माल नंतर दावती." ती हसली. "मामा, माझ्या लग्नात अंतरपाट नको, तुमची स्क्रीनच धरा मधी." मी शब्द दिला.

त्या संध्याकाळी पटांगण भरलं होतं. आक्का हिरवं इरकल नेसून पुढच्या सतरंजीवर बसली होती. मी तिला कुठल्याही कार्यक्रमात इतकी पुढं बसलेली कधी पाहिली नव्हती. पडद्यावर तिचे हात आले, पीठ मळणारे, भाकरी थापणारे, माणसापेक्षा मोठे. बाया कुजबुजल्या, मग खरोखर बघायला लागल्या. मला बरं वाटत होतं... आणि पडदा काळा पडला. पुरता काळा. स्पीकरमधून बारीक थापथाप आणि काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं, मला वाटलं वायर गेली. मागून एक शिट्टी आली. दुसरी आली. माझी भुवई ठणकली. आणि माझा हात टिकलीवर गेला.

माझं थोबाड पडद्यावर आलं, हात जोडून. डीजे दणाणला. पोरं नाचायला लागली, टाळ्या पडल्या. वर मी माईक घेऊन म्हणालो, "काय गं प्रणिता, पुण्याला जाऊन आधी चेक करायचं शिकवत न्हाईत का?" लोक हसले. मला वाटलं, मी भाचीची लाज राखली. आक्कानं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि जागेवरून उठली. प्रणिता पेटीजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामा, ते काळं पिक्चरमधलंच होतं. आईच्या सैपाकघरातली लाईट गेली होती." मी म्हणालो, "मग आधी सांगायला काय झालं होतं?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर स्क्रीन दिली असती का?" दिली नसती. पण त्या वेळी मी एवढंच म्हणालो की धंदा मला शिकवू नको.

इथपर्यंत चूक माझी. यापुढचं मी अजून तिच्या नावावर लावतो. त्या संध्याकाळी तिनं मागून मोबाईल लावून सगळा कार्यक्रम टिपला होता. कॉलेजच्या कामात तिनं तो तुकडा घातला: तिचा पिक्चर, मग काळं, मग मी हात जोडून, मग माईकवरचं माझं ते वाक्य. पुण्यात तो दाखवला गेला आणि लोक हसले म्हणे. मला हे कळलं पानाच्या टपरीवर. कुणीतरी मोबाईल पुढं केला, "शेठ, तुम्ही तर कलाकार झालात." माझा चेहरा येईपर्यंत बघितलं आणि मोबाईल परत केला. डोक्यातून जाळ निघत होता.

ती तेव्हा सुट्टीत जळकोटला आली होती. मी तसाच गाडी काढून गेलो. "माझ्याच पडद्यावर माझी अब्रू काढलीस?"

"मी कुठं काढली मामा? तुम्ही आपल्या पायानं आलात पडद्यावर."

"विचारायचं तरी होतंस."

यावर तिची मान खाली गेली. "विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं. पण काढणार न्हाय. काढलं तर त्या दिवशी काही झालंच न्हाय असं होतंय." मग तिनं तिचा भाव सांगितला. पुण्याच्या कामात मी राहणार. जळकोटात मात्र मूळ 'तवा' पुन्हा एकदा दाखवायचा, माझ्याशिवायचा, अख्खा. "आईसाठी. तिनं शेवटपर्यंत बघितला न्हाय. मोबाईलवर दाखवते म्हणलं तर म्हणती, मोठ्यावरच बघीन." त्यासाठी स्क्रीन पाहिजे होती. मी म्हणालो, आधी सगळीकडून माझा तुकडा काढ, मग स्क्रीन. ती नाही म्हणाली. आक्का चहा घेऊन बाहेर आली तेव्हा मी उठून चाललो होतो. "बस की," आक्का म्हणाली. मी चहाला हात न लावता गाडीला किक मारली.

ज्यांनी बाजारात कधी घासाघीस केली नाही त्यांना हे सांगावं लागेल. सौदा अडला की उठून चालायला लागायचं असतं. मागं वळून बघायचं नसतं. चार पावलांवर हाक येते, "अहो, या या, बसा," आणि त्या हाकेबरोबर भाव उतरतो. हाक येत नसेल तर समोरचा तुमच्यापेक्षा पक्का आहे. मग जो आधी बोलेल तो हरला. मी हाकेची वाट बघत होतो. पुण्याला परतल्यावर तिचा एक मेसेज आला, "मामा, ठरलं का?" ही निम्मी हाक होती. मी उत्तर दिलं नाही. निम्म्यावर वळायचं नसतं. त्यानंतर ती गप्प झाली आणि मी मनात म्हणालो, पक्की आहे, माझ्यावर गेली. मध्ये माझी बायको म्हणाली, प्रणिता कावीळ घेऊन गावाकडं आलीय, एकदा बघून या. मला वाटलं, आता आजारपण मध्ये घालून मला वाकवायला बघतेत. अडून बसलेलं गिऱ्हाईक नेहमी घरातलं आजारपण काढतं, निम्म्या वेळा खोटं असतं. मी म्हणालो, "कावीळ काय, पथ्यानं जाती." ती गप्प होती कारण तिच्यात बोलायचं त्राण उरलं नव्हतं... आणि मी घरी बसून तिच्या गप्प बसण्याचा भाव करत होतो.

सोलापूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसाचं मी लिहीत नाही, तो आक्काचा आणि दाजींचा आहे.

तेरावा झाल्यानंतर एके दुपारी मी आक्कापुढं जाऊन बसलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो, त्यातलं काही आलं नाही. मी म्हणालो, "आक्का, स्क्रीन आणू का?" तिनं माझ्याकडं बघितलं. तांदूळ निवडत होती, हात थांबले नाहीत. "आण. शाळंत नको, हितंच अंगणात लाव." प्रणिताच्या मैत्रिणीनं पुण्याहून मूळ पिक्चर पाठवला. दिवस मावळताना मी आणि इस्माईलनं अंगणात पडदा जोडला. शेजारची माणसं जमली. भिंतीपलीकडून एकजण बोललाच, "घरात असं झालंय अन् ह्याला पडदा सुचतोय. धंदा सुटत न्हाय." मला संताप आला आणि तो गिळला, त्या माणसाला मी काय तोंडानं बोलणार होतो? इस्माईल म्हणाला, "भाऊ, पेटीवर तुम्ही बसा." मी म्हणालो, "तूच बस." पेटीवर टिकली तशीच होती.

पिक्चर सुरू झाला आणि दारात आणखी चार माणसं आली. आक्का सवयीनं उठली. "चहा ठेवते." मी तिचा खांदा धरून खाली बसवलं. "तू बस. मी ठेवतो." मी त्या सैपाकघरात आयुष्यात कधी चहा केला नव्हता. साखर कुठं आहे ते माहीत नव्हतं, डबे उघडत बसलो. पडद्याचा उजेड खिडकीच्या जाळीतून आत येऊन भांड्यांवर हलत होता. बाहेरून भाकरीची थापथाप येत होती. मग उजेड एकदम गेला. खिडकी काळी झाली. बाहेर कुणीतरी म्हणालं, "लाईट गेली वाटतं." इस्माईलचा आवाज आला, "न्हाय हो, पिक्चर हाय. गप बसा." आणि मग आक्काचा आवाज आला, स्पीकरमधून, ज्या चुलीजवळ मी उभा होतो तिथूनच आल्यासारखा.

"गेली का गं लाईट? जाऊ दे. तवा तापलाय." थापथाप पुन्हा सुरू झाली. अंधारात. प्रणिताचा आवाज आला, "दिसतंय का आई?" "हाताला दिसतंय." मग दोघी हसल्या. मग आक्का सांगायला लागली. उजेडात ती असं कधी बोलत नाही. "तुझ्या मामाचा व्हिडिओ यायचा गावात, तर अख्खं गाव बघायचं. म्या एकबी पिक्चर पुरता बघितला न्हाय. मधनंच उठायचं, त्याच्याच माणसांच्या भाकरी करायला."

"मग शेवट कोण सांगायचं?"

"कोण सांगतंय? भाकरी थापता थापता मीच करायची शेवट. माझा बरा असायचा."

प्रणिता हसली. खूप वेळ हसली, आधी तोंड दाबून, मग मोकळं. त्या काळ्या पडद्यात तिचं हसू होतं... तिचा चेहरा त्या पिक्चरमध्ये कुठंच नाही, ती कॅमेऱ्यामागं होती. ती फक्त त्या अंधारात आहे. आणि भरल्या पटांगणात मी त्याच्यावर हात जोडून उभा राहिलो होतो. दूध उतू गेलं. मी बघत होतो आणि ते जात होतं. खिडकीत पुन्हा उजेड आला. मी कप भरले, ताट उचललं, बाहेर आलो तेव्हा पिक्चर संपला होता. आक्का पहिल्या जागेवर बसून होती. पदर खांद्यावर होता, डोक्यावरून ओढलेला नव्हता.

मी तिला चहा दिला. जवळ वाकून विचारलं, "आक्का, शेवटाला काय होतं?"

तिनं एक घोट घेतला. "साखर लई झाली," म्हणाली. मग कप खाली ठेवत, "शेवट तुझा तू कर आता."

पिक्चर माझ्या कपाटात आहे, कधीही लावून बघता येईल. अजून लावलेला नाही. रस्त्यानं जाताना, पॅनेल जोडताना मी मनातल्या मनात शेवट करून बघतो. लाईट येते, तवा दिसतो, आक्का डोळे बारीक करते... पुढं जात नाही. आक्काला इतकी वर्षं कसा जमत होता कोण जाणे. प्रणितानं मला न विचारता पडद्यावर घेतलं, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण आता तो तुकडा काढा म्हणून मी कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी तसं झालं होतं.

टिकलीचा गोंद सुकत आला होता. इस्माईलनं मला न विचारता तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. मागच्या आठवड्यात धाराशिवच्या एका लग्नात लॅपटॉप अडकला आणि पडदा काळा पडला. भुवई ठणकली. हात आपोआप पेटीवर गेला, बोटाला चिकटपट्टीखालचा तो बारीक उंचवटा लागला. मी हात मांडीवर घेतला. मागून शिट्टी आली, नवरदेवाचा भाऊ माझ्या दिशेनं धावत निघाला. पुढच्या खुर्च्यांवर दोन बाया बसल्या होत्या. एक म्हणाली, "बंद पडलं की गं." दुसरी तिच्या कानाशी काहीतरी बोलली आणि दोघी हसायला लागल्या, आधी तोंड दाबून, मग मोकळ्या. इस्माईल लॅपटॉपशी झटत होता. मी त्याला म्हणालो, "सावकाश कर."